मुक्ता शाळेत का जात नाही?

मूल शाळेत घातलं की लोक एकदाच विचारतात, “कुठल्या?” नाही घातलं की रोज विचारतात, आणि प्रत्येक विचारणाऱ्यामागे एक किस्सा जमा होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या दोन वर्षांत आमच्याकडे इतके साठले, की अजूनही जुनं कोणी भेटलं की एखादा निघतोच.

आम्ही दादरची खोली सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो होतो. मुक्ता तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला इतक्यात शाळेत घालायचं नाही आणि घरात टीव्ही आणायचा नाही, हा निर्णय सुधीरचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. निर्णय घेऊन साहेब सकाळी ऑफिसला जायचे. दिवसभर जगाला उत्तरं द्यायला मी!

मीही हो म्हटलं होतं, त्याला कारण होतं. बालवाडीत घातली तेव्हा माझी बडबडी पोरगी महिन्याभरात घरीसुद्धा बोलेनाशी झाली. काढली, तशी हळूहळू परत बोलायला लागली. तिचं ते गप्प बसणं मला पुन्हा बघवलं नसतं. पण म्हणून माणसाने सहन तरी किती करायचं?

*

केबिन रोडला भाजी घ्यायला गेलं की भाजीवाला, पिना-कंगवे विकणारा, स्टोव्ह दुरुस्त करणारा, सगळ्यांचा एकच प्रश्न. “बेबी, आज स्कूल नहीं?”

शेवटी वैतागून मी मुक्ताला पढवलं, “सांगायचं, छुट्टी है. विषय संपला.”

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने विचारलं. मुक्ता ऐटीत म्हणाली, “आईने बोला है, कोई पूछेगा तो छुट्टी है बोलना!”

त्याने कोथिंबीर फुकट दिली. मी वर बघितलंच नाही.

*

घरात टीव्ही नाही म्हणजे आमचे हाल चाललेत, असं बिल्डिंगने ठरवून टाकलं. समोरच्या ज्योत्स्नाबेननी नवा कलर टीव्ही घेतला आणि जुना ब्लॅक अँड व्हाइट उचलून थेट आमच्या दारात आणला.

“शरमाना नहीं, ऐसे ही पडा था.”

मी म्हटलं, “बेन, टीव्ही हमको चाहिए ही नहीं. मुन्नी के लिए नहीं रखते.”

त्यांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं आणि टीव्ही परत नेला. संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली होती. सुधीर दारू पितो, घरात आणलेली वस्तू विकून टाकतो, म्हणून बिचारी टीव्हीसुद्धा घेत नाही!

सुधीर चहासुद्धा कमी साखरेचा पितो. त्याला हे सांगितलं तर हसत सुटला. त्याला काय, जिन्यात बायका मला गाठायच्या!

*

रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की आख्खी बिल्डिंग ज्योत्स्नाबेनच्या नव्या टीव्हीपुढे. मुक्ता हट्ट करून गेली. म्हटलं, जाऊ दे एकदा.

अर्ध्या तासात बेन तिला हाताला धरून परत घेऊन आल्या. “भाभी, ये टीव्ही नहीं देखती! टीव्ही को पीठ करके बैठती है और हम लोगों को देखती है! ऐसे में रोना कैसे आएगा?”

मी मुक्ताला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, “अगं, सगळे एकदम रडतात! तू पण ये ना बघायला.”

*

माझी ठाण्याची मावशी आली ती परीक्षेच्या तयारीनेच. चहा होईपर्यंतसुद्धा धीर नाही. “मुक्ता, एक ते शंभर म्हणून दाखव बरं.”

“काय मोजायचंय?”

“काही नाही गं, नुसतं म्हण.”

“मग कशाला?”

मावशीने कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, “वाया गेली हो पोरगी.” ठाण्याला पोचेपर्यंत तिने आणखी कोणाकोणाला सांगितलं देव जाणे, पण आठवड्याभरात गावाहून माझे सासरे हजर झाले.

*

सासरे, म्हणजे अण्णा, मराठी शाळेतले रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्यापुढे सुधीरसुद्धा उभा राहून बोलतो. अण्णांनी पिशवी खाली ठेवतानाच सांगितलं, “जूनला हिला शाळेत घातलं नाहीत, तर मी गावी घेऊन जाणार. तिथल्या शाळेत बसेल, माझ्या नजरेसमोर.”

मी म्हटलं, “अण्णा, तिला वाचता येतं हो.” येतच होतं! अण्णांनी मराठी पेपर तिच्यापुढे धरला. मुक्ता बघतच राहिली.

आता वाचायला ती शिकली होती ज्योत्स्नाबेनच्या मिस्टरांच्या मांडीवर बसून, रोज सकाळी, त्यांच्या पेपरात. म्हणजे गुजराती! अक्षरावर रेघ असते हे तिच्या गावीच नव्हतं.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुमच्या पेपरात सगळी अक्षरं दोरीवर का वाळत घातलीयेत?”

हेडमास्तरांची नात, आणि गुजराती घडाघडा! अण्णांनी पेपरची घडी घालून पिशवीत टाकली.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, “इंग्रजी शाळेतच घालू. मराठी शाळेत आयुष्य काढलं मी, कोणी विचारतं का?” तिथे मुलाचा इंटरव्ह्यू असतो आणि पालकाचाही. सुधीरला रजा नव्हती. मी म्हटलं, मी येणार नाही, काय करायचं ते करा. मग अण्णाच पालक म्हणून निघाले, परीटघडीचं धोतर नेसून. मुक्ता आमच्या जिन्यापासूनच गप्प होती.

दुपारपर्यंत मी नुसती आत-बाहेर करत होते. शेवटी दोघं आली. अण्णांच्या धोतराची एक बाजू मुक्ताने मुठीत धरून धरून पार चुरगळली होती. मुक्ता आल्या आल्या पाणी प्यायली आणि समोर बेनकडे पळाली.

“काय झालं, अण्णा?”

अण्णांनी टोपी काढली. “बाईंनी तिला हिंदीत रंग विचारले, फळं विचारली. हळू आवाजात का होईना, सगळं सांगितलं तिने. पास झाली.”

मी खुर्चीवर बसले.

“मग मला इंग्रजीत प्रश्न विचारले. मला एकाचंही उत्तर आलं नाही. मी नापास. पालक नापास तर प्रवेश नाही म्हणाल्या.”

“पण अण्णा, तुम्ही तर पाचवी ते सातवी इंग्रजीच शिकवायचात ना?”

“नापास म्हणजे नापास, सूनबाई,” अण्णा म्हणाले. “पुढच्या वर्षी परत बसेन!”