दुसरी सीडी अडकते तेव्हा...

परवाच्या रविवारी आमच्या भाईंदरच्या सोसायटीत सत्यनारायण होता. आरती झाली, शिऱ्याचे द्रोण हातात पडले आणि नेमकी लाइट गेली... लिफ्ट बंद. जिने चढायचा उत्साह कुणालाच नव्हता, म्हणून सगळे खाली पार्किंगमध्येच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वारा घेत बसले.

अशा वेळी कुणीतरी काडी टाकतंच. या वेळी ती मी टाकली... आजवरचा सगळ्यात भारी पिक्चर कुठला?

झालं! तळमजल्यावरचे शाहभाई एका मारामारीच्या पिक्चरसाठी असे भांडायला लागले, जणू निर्माता तेच. "अरे मंदार, ऐसा पिक्चर अब बनता ही नहीं!" माझ्या बायकोने एक कौटुंबिक रडका पिक्चर पुढे केला. तो मी दोन वाक्यांत निकालात काढला आणि त्याची शिक्षा अजून भोगतोय.

(नावं मुद्दाम देत नाहीये... नाहीतर खाली कॉमेंट्समध्ये तुम्ही सुरू व्हाल.)

पिक्चरच्या वादात मला हरायला जमत नाही, हे आधीच कबूल करतो. घरी सीडींनी भरलेलं एक कपाट आहे, माझी नंबरवार यादी आहे. बायको म्हणते, तू पिक्चर बघत नाहीस, पेपर तपासतोस.

एवढ्यात कोपऱ्यातून कदमकाकू म्हणाल्या, "मला बाई तो आगबोटीचाच आवडतो." पहिल्या मजल्यावरच्या कदमकाकू एरवी कधी मध्ये बोलत नाहीत. काका गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून तर फारच कमी.

मी खुर्चीतून उठलोच. माझ्याही यादीत एक नंबरवर तोच! जुना ब्लॅक अँड व्हाइट... नवरा बोटीवर नोकरीला जातो, बायको धक्क्यावर वाट बघते. "काकू, काय शेवट आहे ना!"

"हो ना," काकू म्हणाल्या. "सगळी माणसं उतरतात, आणि एकदम शेवटी तो उतरतो. गळ्यात तांबडा मफलर..."

मी गारच पडलो. तो उतरत नाही हो! सगळे उतरतात आणि शेवटी एक खलाशी त्याची पत्र्याची ट्रंक आणून तिच्या पायाशी ठेवतो. त्या शेवटासाठीच तर मी त्या पिक्चरला एक नंबर दिलाय.

गप्प बसावं की नाही? पण नाही. "काकू, तो येतच नाही. आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तांबडा मफलर कसा दिसेल?"

सगळे हसले. काकूही जराशा हसल्या, पण म्हणाल्या, "येतो रे तो."

मला राहवेना. सीडी आणून दाखवतोच म्हणालो आणि पाच मजले चढून घरी गेलो. कपाटातून सीडी काढली आणि तेवढ्यात लाइट आली. खालून शाहभाईंची हाक आली, "जल्दी ला, टीवी चालू किया है!"

डबी उघडून दोन्ही सीडी आहेत ना, बघितलं... आणि हात तिथेच थांबला.

ही डबी कदमकाका तीन-चार वेळा घेऊन गेले होते. काकांची एक खोड होती. कुठलाही पिक्चर नेण्याआधी ते मला शेवट विचारायचे. मी वैतागायचो... अहो काका, मग बघण्यात मजा काय? आणि शेवट दुःखाचा असला, की परत देताना हमखास म्हणायचे, "छान होता रे, पण दुसरी सीडी शेवटाला अडकते." मी घरी लावून बघायचो. कधी अडकली नाही.

काका आयुष्यभर बोटीवर नोकरीला होते. काकू रत्नागिरीकडे गावी, वर्षातले आठ-नऊ महिने एकट्या. रिटायर झाल्यावर दोघं इकडे भाईंदरला राहायला आले. आणि थंडीत काका सकाळी खाडीकडे फिरायला जायचे, तेव्हा त्यांच्या गळ्यात जो मफलर असायचा, तो आमच्या अख्ख्या बिल्डिंगने पाहिलाय. तांबडा.

डबी घेऊन निघालो, पण मध्येच जिन्यात बसलो थोडा वेळ. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

खाली गेलो. शाहभाईंच्या हॉलमध्ये सगळे दाटीवाटीने बसलेले, काकू दाराजवळच्या खुर्चीवर. मी म्हणालो, "नाही दाखवता येणार... दुसरी सीडी शेवटाला अडकते. काकूंचंच बरोबर असेल, मीच विसरलो असेन."

शाहभाईंनी माझी यथेच्छ टर उडवली. वाद हरलो, जाहीर हरलो, आणि मला काहीच वाटलं नाही.

सगळे पांगल्यावर काकू लिफ्टपाशी थांबल्या होत्या. "तुझ्याकडेपण तिथेच अडकते होय?" मी मान डोलावली. वर बघायची हिंमत होईना.

"लग्नाआधी तालुक्याला तंबूत बघितला होता मी तो," काकू म्हणाल्या. "ट्रंक येते. ह्यांना ते कधी सांगितलं नाही. ह्यांनी इतकं रंगवून सांगितलं होतं..."

मग त्यांनी हात पुढे केला. "पहिली सीडी देतोस? दुसरी राहू दे तुझ्याकडे."

दिली. त्या डबीत आता एकच सीडी आहे, आणि ती मला लावावीशी वाटत नाही.

यादीतला एक नंबर मात्र बदललेला नाही. फक्त आता तो कदमकाकांनी सांगितलेला आहे... थँक यू, काका.