बायकोच्या डोक्यातला लाल डाग

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी चौथी शिकलेला माणूस, बहरीनमध्ये एसी दुरुस्त करायचो. तिथल्या गुदैबिया भागात दोन खोल्यांत आम्ही दोघंच. तिथंच बायकोच्या डोक्यात गाठ निघाली. बोलता बोलता शब्द अडायचा, मग ती माझ्यावरच चिडायची.

डॉक्टरीण केरळची, आमच्याशी हिंदीत बोलायची. म्हणाली, कापायच्या आधी हिची बोली डोक्यात कुठं आहे ते बघू. बायकोला मशीनच्या नळीत झोपवलं. समोर चित्रं दाखवणार, त्यांची नावं आपल्या भाषेत मनातल्या मनात घ्यायची. शेवटी घरच्या माणसांची. ओठ हलवायचे नाहीत.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय काय म्हणलीस?"

"बादली, कोंबडी, चावी. आणि एक सांगायचं नाही."

चार दिवसांनी डॉक्टरणीनं पडद्यावर एक डोकं दाखवलं. त्यात लाल डाग होता आणि गाठ जिथं सांगितली होती तिथून चांगला लांब. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, हे नमुन्याचं डोकं आहे, आता हाच डाग हिच्या स्वतःच्या डोक्याच्या चित्रावर ठेवते.

हे मला लगेच समजलं. कंपनीच्या बुकात पाइप सरळ दाखवलेला असतो, गच्चीवर जाऊन बघावं तर भलतीकडून वळवलेला. बुक बघून कापलं की गॅस गेलाच.

हिच्या डोक्यात गाठीनं सगळंच बाजूला रेटलं होतं. लाल डाग गाठीला चिकटून बसलेला. माझं टाळकं सरकलं, लाल म्हणजे काय तेच विसरलो. म्हणलं, "तो ये लालवाला भी काट डालो ना! खलास करो सब!"

"भाईसाब, लाल बीमारी नहीं है. वही तो इनकी बोली है."

बायको हसली. "यांचं कायम असंच. चालू मशीन खोलून बसतात."

गाठ पुरती काढली तर बोली जाणार. नाही काढली तर काही महिने. मी म्हणलं, "मुकी राहा, पण राहा."

"आणि तुमच्याशी भांडू कशानं?"

तिनं कापू दिलं नाही. मी दोन दिवस जेवलो नाही, तिला काही फरक पडला नाही. सात महिने जगली. शब्द कमी कमी होत गेले, पण शिव्या शेवटपर्यंत शाबूत होत्या.

एकदा डोक्याला तेल लावताना म्हणाली, "अहो, त्या नळीत मी तुमचं नाव घेतलं."

उभ्या संसारात तिनं कधी घेतलं नव्हतं. "मग आता घे की. ऐकू दे."

"गप बसा."

घेतलं नाहीच.

पडद्यावरच्या तिच्या डोक्याचा रंगीत कागद डॉक्टरणीकडून मी मागून घेतला होता. अजून जवळ आहे. खिडकीपाशी धरून बघतो. त्या लालात कोंबडी कुठली आणि मी कुठला, काही कळत नाही. आणि मीच म्हणलो होतो, कापून टाका.