गायकवाडांच्या गाडीची बॅटरी मी सुधारली

चहा घ्या आधी. आणि हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगते. कारण माझ्या हातून जे झालंय ना, ते आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अजून कोणी विसरायला तयार नाही!

आमच्या तळमजल्यावर मिलिंद गायकवाड राहतो. शाळेत मास्तर आहे. त्याचे वडील, तात्या, ठाण्याला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. तीस वर्षं! डॉक्टर गेले, मुलं परदेशी निघाली, आणि जाताना घरची जुनी विलायती गाडी तात्यांच्याच हवाली करून गेली. गाडी कसली, दारात हत्ती! पण कितीतरी वर्षं नुसती ताडपत्रीखाली पडून. मिलिंदने दोन वर्षं खपून ती चालती केली. कशासाठी? तर तात्यांना ऐंशी पूर्ण होतील त्या रविवारी त्यांना त्याच गाडीत बसवून ठाण्याला, डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत न्यायचं. तात्यांनी आठवडाभर आधीच शर्टाला इस्त्री करून ठेवलेली.

आणि शनिवारी सकाळी गाडी रुसली.

मी अर्थात खाली होते. कोणी बॉनेट उघडलंय आणि मी घरात बसलेय, असं झालंय का कधी?

"काय रे मिलिंद, काय झालं?"

"चार्जिंगच होत नाहीये, वहिनी. डायनॅमोचा पट्टा सैल झालाय, तो फिरल्याशिवाय बॅटरी भरणार कशी? असाच निघालो तर शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मान टाकेल. तात्यांना काय धक्का मारायला उतरवू?"

नवीन पट्टा आणायला तो कल्याणला पळाला. जाताना म्हणाला, "जरा लक्ष ठेवा हं."

लक्ष ठेवा! मला!

आता एक लक्षात घ्या. आमच्या घरचा इन्व्हर्टर मी सांभाळते. बॅटरीत पाणी मी घालते, वायरी मी घासते. ह्यांना विचाराल तर तो कुठल्या खोलीत आहे तेही सांगता येणार नाही. म्हणजे बॅटरी हा माझा विषय! मी आपलं सहज वाकून बघितलं, आणि बघते तर काय! बॅटरीच्या प्लसची वायर थेट गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली! अहो, ह्यांच्या स्कूटरला पत्र्याला मायनस असतं. सगळ्या जगात मायनस असतं. पोरगा दोन वर्षं राबला आणि वायरीच उलट्या लावून बसला? मग चार्जिंग होणार कुठून?

पाना घेऊन आले. वरून गॅलरीतून हे ओरडले, "अगं, ती तुझी गाडी आहे का?"

"तुम्ही पेपर वाचा!"

खरं सांगते, थांबायची संधी मिळाली होती मला. बॅटरीचा प्लसचा खुंट असतो जाड आणि मायनसचा बारीक. अदलाबदल केलेल्या क्लिपा बसेनात. एक घट्ट, एक ढगळ. शहाण्या बाईने तिथेच हात जोडावेत की नाही? मी घरातून बत्ता आणला! घट्ट क्लिप ठोकून बसवली, ढगळ क्लिपेत बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कोंबला. वर बॅटरी फडक्याने पुसून चकचकीत केली.

मिलिंद आला, पट्टा चढवला. मी मनात म्हटलं, आधी चालू होऊ दे, मग सांगू. कौतुक जरा निवांत घ्यावं माणसाने.

त्याने आत बसून नुसते दिवे लावले. चार्जिंगचा काटा टुणकन प्लसकडे!

"आयला!" मिलिंद म्हणाला. "इंजिन बंद, दिवे चालू, आणि बॅटरी भरतेय?"

"गुण असतो एकेकाच्या हाताला," मी म्हटलं.

मग त्याने गाडी सुरू केली आणि ॲक्सिलेटर दाबला. तेवढ्यात इंजिनाशेजारच्या एका काळ्या डबीतून तडतड तडतड, आणि निळा धूर! घाण वास! मिलिंदने घाईघाईने गाडी बंद केली आणि कपाळाला हात लावून खाली बसला. "गेलं उद्याचं, वहिनी."

त्याचा चेहरा बघवेना हो. आणि वर त्याने बॅटरी बसवून गेलेल्या मेकॅनिकला फोन लावला. "रमेश, काय केलंस रे तू बॅटरीला? अरे, तूच केलंस! दुसरं कोण हात लावणार?"

पलीकडे तो बिचारा आईची शपथ घेतोय, आणि मी इकडे पदराची गाठ सोडतेय, बांधतेय. शेवटी नाहीच राहवलं.

"मिलिंद, ठेव तो फोन. मीच वायरी सरळ केल्या."

"सरळ?"

एवढ्यात वास घेत घेत तात्या बाहेर आले. त्यांनी दिवे लावून काटा बघितला, मग बॅटरी, मग बिस्किटाच्या डब्याचा पत्रा. तो जरा जास्तच वेळ बघितला.

"बाई," ते म्हणाले, "ह्या गाडीचं प्लसच पत्र्याला असतं. कारखान्यातूनच तशी आलीय. तू सगळं उलटं केलंस, म्हणून काटा उलटा पळतोय."

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आमचा इन्व्हर्टरही पोटात घ्यावा!

पण तात्या उलट खूश, गाडीला हात लावायला मिळाला ना! बाह्या सरसावल्या, वायरी होत्या तशा केल्या, काळी डबी उघडून जळलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासले. मग एक तार डायनॅमोला क्षणभर टेकवली. चर्र करून ठिणगी उडाली.

"हे काय?" मी विचारलं. तोंड गप्प बसतंय का?

"डायनॅमोला पुन्हा सांगितलं, तुझं प्लस कुठलं ते. तू त्याचं डोकं फिरवलंस ना!"

गाडी सुरू झाली, चार्जिंगचा लाल दिवा विझला, काटा अलगद प्लसवर टेकला. तात्या त्या काट्याकडे असे बघत होते, जणू नातू पहिलं पाऊल टाकतोय.

रविवारी सकाळी मी शिऱ्याचा डबा घेऊन तात्यांना जय भीम करायला खाली गेले. मिलिंद म्हणाला, "चला वहिनी, तुम्हीपण!" आणि मागचं दार उघडलं.

"मागं नको," तात्या पुढून म्हणाले. त्या गाडीची पुढची सीट सोफ्यासारखी अख्खी, तिघं मावतात. "तिला माझ्याशेजारी बसव."

काय फुगले सांगू मी! तात्यांच्या शेजारी, मानाची जागा! पदर सावरून, सगळ्या गॅलऱ्यांकडे बघत मी ऐटीत बसले.

तात्या स्टीअरिंगवरच्या मिलिंदकडे वळले. "मागं बसली असती, तर कशाला हात लावते ते दिसलं नसतं. चल, घे आता."