चार तारांच्या वहिनी

बेस गिटार वाजवताना वहिनींचं लक्ष ना तारांवर असे, ना गायकाकडे. त्या समोरच्या लोकांचे पाय बघत. पदर कमरेला खोचलेला, त्यावरून गिटारीचा रुंद पट्टा, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि नजर खाली, पहिल्या रांगेतल्या चपला-बुटांवर. नवख्या माणसाला वाटे, बाई लाजतायत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भावजी, तोंडं काय, कॅमेरा दिसला की हसत्यात. पायाला कॅमेरा कळत न्हाय."

मी त्यांच्या ऑर्केस्ट्राचा निवेदक. लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी हातात माईक, असं माझं चाललेलं. ऑर्केस्ट्रा वहिनींच्या यजमानांचा, म्हणजे अण्णांचा. त्यांची कऱ्हाटीला बागायत होती. ढोबळी मिरची, काकडी, थोडं डाळिंब. माल निवडायची जी पत्र्याची शेड, तीच आमची तालमीची जागा. एका कडेला क्रेट, दुसऱ्या कडेला ड्रम. आम्ही गाणी बसवत असू आणि वहिनी आमच्याकडे पाठ करून मिरच्या निवडत असत. हळद, बारसं, गावची जत्रा, पतसंस्थेचा वर्धापनदिन, जिथे बोलावतील तिथे आम्ही जात असू. वहिनी फक्त डबा बांधून देत.

एका रविवारी इंदापूरला हळदीचा कार्यक्रम होता. सकाळी आमच्या बेसवाल्याचा फोन आला की त्याला नोकरी लागली आहे आणि तो नाशिकला पोचलाही आहे. अण्णा डोकं धरून क्रेटवर बसले. वहिनींनी हात पुसले आणि विचारलं, मी करू का? अण्णा म्हणाले, नको, आत्ताच चहा झालाय. वहिनी म्हणाल्या, "चहाचं न्हाय, कार्यक्रमाचं इचारतीय."

मग त्यांनी खुंटीवरची गिटार गळ्यात घातली आणि आमचं पहिलं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवलं. कुठे थांबायचं, कुठे सरकायचं, सगळं. अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच. त्यांच्याच घरात, त्यांच्याच भिंतीमागे ही बाई किती तरी दिवस गिटार वाजवत होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

यात जादू काही नव्हती. विजेवरची बेस गिटार भरीव लाकडाची असते. आपल्या सतारीसारखा पोकळ भोपळा तिला नसतो. तारांखाली एक चुंबक बसवलेलं असतं, त्याला पिकअप म्हणतात. तारेची थरथर ते पकडतं आणि मागच्या स्पीकरच्या डब्यातून मोठी करतं. वायर जोडलीच नाही तर त्या गिटारीचा आवाज डासाएवढा. अण्णा मार्केटला गेले, सासूबाई शेजारच्या खोलीत आडव्या झाल्या, की वहिनी वायर न लावता वाजवत बसत. म्हणायच्या, "ज्यानं ही भरीव गिटार काढली, त्याच्या घरात नक्की म्हातारं माणूस झोपत आसंल."

बेसचा इतिहास ऐकावा तर त्यांच्याकडूनच. कुणी पाहुणा गिटारीकडे टकमक बघू लागला की त्या त्याला खुर्ची देत. आधी हे वाद्य उभं होतं, माणसापेक्षा उंच, टेम्पोतून न्यायचं तर माणसांनी खाली उतरावं. बोट कुठे दाबायचं ते दाखवणारे पडदे नाहीत, सूर चुकला की चुकला, आणि बाकीच्यांचा गोंगाट वाढला की हिचा आवाज बुडून जाई. मग अमेरिकेत कुणाच्या तरी डोक्यात आलं की हिला छोटी करावी, आडवी करावी, पडदे ठोकावेत आणि गळ्यात अडकवावी. त्याच घाटाची नक्कल फिरत फिरत अण्णांच्या खुंटीवर आलेली. वहिनी तिला फळी म्हणत. होतीही फळीच. चारी कडा काटकोनात, उजवी कड बरगडीत घुसे. आणि शेजारी ट्यूबलाइट लागली की त्या एकुलत्या पिकअपमधून गुंऽऽ असा आवाज येई, जणू पाइपलाइनवर कुणी मोटर चालू केली.

दुसरी गिटार आली ती गोलाई दिलेल्या अंगाची. कडा घासलेल्या, पोटाशी खोलगट केलेली, आणि पिकअपचे दोन तुकडे असे बसवलेले की एकाची गुणगुण दुसऱ्याने मारावी. वहिनींनी ती गळ्यात घातली, थोडं वाकून पाहिलं, थोडं वळून पाहिलं आणि म्हणाल्या, ही करणाऱ्यानं आधी कुणाची तरी वरड ऐकलीय. त्यांचं म्हणणं खरंच होतं. फळी टोचते म्हणून वाजवणारे कुरकुरले होते, तेव्हाच तिच्या कडा गेल्या. तिसऱ्या गिटारीची मान अजून बारीक होती, आणि पिकअप दोन, एक गोड आवाजाला, एक खणखणीत आवाजाला. वहिनींचा हात लहान, त्यांना ती फार लागू पडली. त्या म्हणत, प्रत्येक नवी गिटार जुनीची एक खोड मोडते आणि स्वतःची एक घेऊन येते. पुढे अण्णांकडे बघून म्हणत, "माणसात तेवढी सुधारणा व्हईना."

अण्णांना मात्र नव्याची हौस. पुण्याहून त्यांनी पाच तारांची बेस आणली. तिच्या पोटात बॅटरी होती आणि कान पिळायला बटणंच बटणं. पाचवी तार चौथीपेक्षाही खर्जातली. वहिनींनी ती तार एकदा वाजवली. पत्रे थरथरले, वरून एक पाल पडली. त्यानंतर त्या तारेवर त्या फक्त अंगठा टेकवत. अण्णा म्हणाले, अगं, वाजव की ती. वहिनी म्हणाल्या, पंगतीत एखादा पाव्हणा नुसता बसायला येतो, बसू दे त्याला.

त्या गिटारीची बॅटरी बारामतीच्या एका कार्यक्रमात ऐन वेळी संपली. मी तेव्हा पुढच्या गाण्याची प्रस्तावना करत होतो. चंद्र, चांदणं, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, सगळं छान जुळून आलं होतं, आणि माझा माईक गप्प झाला. वहिनींनी माझ्या पाठीशी लावलेली कॉर्डलेस माईकची डबी उघडून तिची बॅटरी काढून घेतली होती. मी मागे वळलो तोवर ती गिटारीत बसलीसुद्धा होती आणि गाणं सुरू झालं होतं. नंतर मी रागावलो तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं की दोघांपैकी एकालाच वीज मिळणार होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तुम्ही ऐकल्याच असतील.

मग आमच्याकडे एक कीबोर्डवाला आला. पुण्यात शिकलेला, बोटं तयार, बोलणं त्याहून तयार. त्याच्या एका मित्राकडे बिनडोक्याची बेस होती. वरचं खुंट्यांचं टोकच कापून टाकलेलं, तार पिळायचे खिळे खाली. तिचा फोटो त्याने वहिनींना दाखवला. वहिनींनी तो लांब धरून पाहिला आणि विचारलं, हिला ऊन लागलं की टोपी कुठं घालायची? तो हसला नाही. चार दिवसांनी तालमीत त्याने सरळ सांगितलं की हळदीच्या गोंगाटात बेस ऐकतो कोण? वहिनींना उगाच त्रास, खर्जाचे सूर माझा डावा हात वाजवेल. एक माणूस कमी, टेम्पोत जागा जास्त. अण्णा क्रेट मोजू लागले. मलाही वाटलं, आता वहिनी दोन शब्द ऐकवतील. त्या म्हणाल्या, "खरं हाय तुमचं. कुणाला ऐकू येत न्हाय."

पुढचा कार्यक्रम लोणी भापकरला होता. मांडवात नाच रंगात आलेला. नवरदेवाचे मामा, आत्या, करवल्या, सगळे घामाघूम. मधल्याच एका गाण्यात वहिनींनी वाजवणं थांबवलं. बोटं हलत होती, पण तारेला लागत नव्हती. मी कडेला उभा होतो म्हणून मला दिसलं. मांडवात कुणाच्याही लक्षात आलं नाही. एकानेही मान वर केली नाही. मला वाटलं, कीबोर्डवाला जिंकला.

मग आत्यांनी कपाळ पुसलं. मामा म्हणाले, चला, बघू तरी जेवणाचं कुठवर आलंय. एक गेला, दोघं गेले, करवल्या गेल्या. गाणं संपेपर्यंत मांडवात नवरदेव आणि त्याला हळद लावणाऱ्या बायका तेवढ्या उरल्या. कीबोर्डवाल्याने आवाज वाढवला, टाळ्या मागितल्या, काही उपयोग नाही. पाच मिनिटांत वरपिता धावत आला आणि अण्णांच्या अंगावर आला की पुऱ्या अजून तळायच्या आहेत, आचारी शिव्या देतोय, तुम्ही सगळी माणसं जेवायला का पाठवलीत? अण्णांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी तारेला बोट लावलं. पुढच्या गाण्याला मामा परत आले, हातात भज्यांची प्लेट घेऊन नाचायलाही लागले.

परतताना टेम्पोत वहिनी कीबोर्डवाल्याशेजारी बसल्या. त्याला म्हणाल्या, "ऐकू न्हाय येत, तुमचंच खरं. थांबलं की नुसती भूक लागती." तो पोरगा मनाचा साफ होता. त्या दिवसापासून त्याने डावा हात आवरता घेतला आणि वहिनींचा स्पीकरचा डबा तोच उचलू लागला. त्या डब्याला दोन माणसं लागत, म्हणून दुसऱ्या बाजूला अण्णा.

नंतर त्यांची बोटं दुखू लागली. सकाळी मूठ मिटेना, मनगट सुजलेलं. बारामतीच्या डॉक्टरांनी वाताचं निदान केलं आणि विचारलं, काम काय करता? वहिनींनी सांगितलं, मिरच्या निवडते आणि बेस वाजवते. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कमी करा. त्यांनी मिरच्या बंद केल्या.

सगळ्या जगात बेस पुढे पुढे जात होती, जास्त तारा, जास्त बटणं, लांब मान. वहिनी उलट्या निघाल्या. पाच तारांची गिटार त्यांनी परत चौघींवर आणली, मग लांब मानेची टाकून आखूड मानेची घेतली, म्हणजे बोटं कमी ताणावी लागतात. शेवटची त्यांची गिटार व्हायोलिनच्या आकाराची होती, आतून पोकळ, उचलायला सुपाएवढी हलकी. हा घाट खूप जुना, पण वहिनींना तो नवा कोरा वाटला. आवाज मऊ, घुमणारा. अण्णा म्हणाले, ही खेळण्यासारखी दिसते. वहिनी म्हणाल्या, मग मला खेळू द्या.

पण बोटं ऐकेनात. इंदापूरच्या एका हळदीनंतर थांबायचं, असं त्यांनीच ठरवलं. आम्हाला ताकीद दिली की शाल नको, नारळ नको, भाषण तर अजिबात नको. त्या संध्याकाळी त्यांनी दोन तारा अशा लावल्या की मोकळ्या छेडल्या तरी सूर भागावा, पडदा दाबायची गरजच पडू नये. त्याची किंमत गायकांनी मोजली. एरवी गायकाची पट्टी बघून आम्ही वाजवतो, त्या दिवशी वहिनींच्या तारेची पट्टी बघून गायक गायले. आमचा उंच आवाजाचा गायक विहिरीत पडल्यासारखा गुरगुरत होता, आणि गाणारी मुलगी टाचा उंचावून वरचा सूर शोधत होती. तक्रार आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आज समदे माझ्या घरी पाव्हणे. मी वाढीन ते खायाचं."

शेवटी मी ताकीद मोडलीच. माईक घेतला आणि वहिनींवर बोललो. चांगलं लांब बोललो. साधना, संसार, सूर, कऱ्हेचं पाणी. मांडव शांत झाला होता. मागे मंद काहीतरी वाजत होतं, ते मला नीट ऐकू येत नव्हतं. माझ्या पुढ्यातल्या छोट्या स्पीकरमधून मला फक्त माझा आवाज ऐकू येई, आणि मला नेहमी तेवढंच हवं असे. बोलणं संपलं तेव्हा वहिनींचे डोळे भरलेले होते. सगळा वाद्यवृंद ओठ दाबून खाली बघत होता. मी धन्य झालो.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. आजार वेगळाच निघाला, आणि फार लवकर आटोपलं. तेराव्यानंतर आम्ही जुने सगळे शेडमध्ये बसलो होतो. अण्णांनी मोबाईलवर त्या शेवटच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला. वहिनींची बोटं हलताना दिसत होती, पण मोबाईलच्या एवढ्याशा छिद्रातून खर्ज कुठला यायला? गाणं होतं, ढोल होता, माझं भाषण होतं, वहिनी तेवढ्या नव्हत्या. अण्णा मोबाईल कानाला लावून बसले. ते बघवेना. कीबोर्डवाला उठला, कोपऱ्यातल्या वहिनींच्या स्पीकरच्या डब्यावरची गोणी त्याने काढली, मी दुसरी बाजू धरली. त्याने मोबाईलची वायर डब्याला जोडली.

व्हिडिओत माझं भाषण चालू होतं. आणि आता त्याच्याखाली वहिनी ऐकू आल्या, सावकाश, स्वच्छ. त्या अंगाई वाजवत होत्या. कऱ्हाटीच्या बायका पाळणा हलवताना गुणगुणतात ती चाल. मी "साधना" म्हटलं की पाळणा एकदा इकडे, "संसार" म्हटलं की एकदा तिकडे. संध्याकाळभर मोकळ्या तारांवर भागवून राखलेली दुखरी बोटं त्यांनी पडद्यांवर दाबली होती, फक्त माझ्या भाषणासाठी.

मी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी माझ्याकडे बघेना. अण्णा डोळे पुसत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी विचारलं, हे फक्त त्याच दिवशी?

"दर येळंला," अण्णा म्हणाले. "तुमी बोलाया लागला की. तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

मी अजून निवेदन करतो. चंद्र, चांदणं, कालवा, सगळं अजून आहे. पण बोलणं जरा लांबलं की मी मागे कान देतो. मागे काही वाजत नसतं. मग मीच थांबतो आणि गाणं सुरू करायला सांगतो.