उसनी माती

आमच्या गल्लीत घटाला माती द्यायचा मान कौसल्याकाकूंचा. आमच्या निरवांगी गावात रान नाही असं घर शोधावं लागेल, पण नवरात्राच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका दुरड्या घेऊन काकूंच्याच दारात. त्यांच्या सासूच्या वेळेपासूनची ही रीत. काकू ढेकळं फोडून, चाळून ओंजळीनं माती घालायच्या आणि प्रत्येकीला सूचना द्यायच्या, जणू घट बसवायचं त्यांनीच शोधून काढलंय. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच वर्षी मला ऐकवलं होतं, "उत्कर्षा, गहू दाबून पेरू नकोस, त्याला बी श्वास घ्यायचा आसतू."

काकूंचं रान नदीच्या अंगाला, काळंभोर. त्यात कायमचा ऊस. आणि काकूंना पाणी द्यायची भारी हौस. सरी भरली की बाकीचे लोक बारं मोडून पाणी पुढच्या सरीला लावतात; काकू सरी तुडुंब भरून वर आणखी थोडं सोडायच्या. "लेकरानं मागितलं तर न्हाय कसं म्हणायचं?" म्हणायच्या. लेकरानं मागितलंच नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार? पाणी जमिनीत साचत गेलं, आणि एका उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं मीठ फुललं. ऊस गुडघ्याच्या वर जाईना.

गेल्या नवरात्रात ती माती गल्लीभर गेली आणि सगळ्यांचे घट पिवळे पडून खुरटले. घट नीट उगवला नाही की आमच्याकडं एकच शंका येते: अडचणीच्या दिवसांत कुठल्या सुनेनं हात लावला? माझ्या सासूबाई, गोजरबाई, तोंडानं काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला वर्षभर पुरलं. मी काही शिवले नव्हते, आणि शिवले असते तरी गव्हाला काय कळणार होतं? पण हे बोलायची सोय नव्हती. काकू मात्र आमच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या आणि गप्प होत्या. त्या तशा कधीच गप्प नसतात.

यंदा अमावास्येला सकाळीच त्या मला म्हणाल्या, "उत्कर्षा, गाडी काढ. रंगूकडं जायचंय." मांडीवर रिकामी पाटी घेऊन माझ्या स्कुटीवर मागं बसल्या.

रंगुबाईंचं रान पाटाच्या वरच्या अंगाला. तिथं पाटाचं पाणी चढत नाही. म्हणून ते माळरान आजवर कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. बाजरी, हुलगा आणि शेळ्यांच्या लेंड्या, एवढ्यावर त्यांनी ते जपलेलं. रंगुबाई बौद्ध, त्यांच्या घरात घट नसतो. दसऱ्याच्या दिवशी त्या पांढरं लुगडं नेसून विहारात जातात. तरुणपणी दोघी शेजारशेजारच्या पाती धरून खुरपायच्या, सगळं सुखदुःख एकमेकींना सांगायच्या. पण सणाच्या कामासाठी एकीनं दुसरीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

"रंगू, पाटीभर माती दे," काकू म्हणाल्या. "माझी नासली."

रंगुबाईंनी सगळं ओळखलं. "घटाला?"

"व्हय. माझ्या काळ्यात मिसळती. कुणाला कळायचं न्हाय."

रंगुबाईंनी उचललेलं खोरं खाली ठेवलं. "माती लागंल तेवढी ने, कौसल्ये. पर माझ्या रानातली हाय म्हणून सांगून वाट. चोरून न्यायची आसंल, तर पाटी हितनंच माघारी जाऊ दे."

काकूंचा चेहरा उतरला. सांगावं तर सासूपासूनचा मान जाणार, आणि माती कुणाच्या रानातली यावरून चार तोंडं चार बाजूंना वळणार, ती वेगळीच. न सांगावं तर ही मैत्रीण जाणार. त्या बांधावर बसल्या. मग उठल्या आणि स्वतःच्या हातानं पाटी भरली.

संध्याकाळी बायका जमल्या. तांबूस माती बघून कुजबुज सुरू झाली. काकूंनी पदर खोचला.

"ही रंगूच्या रानातली हाय. माझं रान मी पाणी पाजून पाजून मारलं. गेल्या साली घट पिवळे पडले ते माझ्या मातीनं. बोल लागला लोकाच्या लेकींना आन् मी ऐकत हुबी ऱ्हायली. ज्यांना पायजे त्यांनी न्या."

कुणी हलेना. "देवीला चालंल का?" कुणीतरी हळूच विचारलं. दोघी तर दुरड्या उचलून निघूनच गेल्या.

मग माझ्या सासूबाई पुढं आल्या. "माझ्या दुरडीत घाल, कौसल्ये." आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "उत्कर्षा, औंदा घट तूच पेर." मला तिथंच रडू फुटलं. ओल्या डोळ्यांनी मी दुरडी धरली.

दसऱ्याला घट असे दाट आले की बोट घालायला जागा नव्हती. आमच्या पुरुषांनी त्या कोवळ्या गव्हाचे तुरे टोपीत खोवून गावभर मिरवले. दुपारी काकूंनी मला पुन्हा गाडी काढायला लावली. पाटीत त्यांच्या घटाची माती, मुळांसकट.

रंगुबाई नुकत्याच विहारातून आल्या होत्या, अंगावर पांढरंशुभ्र लुगडं.

"उसनी नेली हुती. माघारी आणली," काकू म्हणाल्या.

"येडी का खुळी तू? हिला हितं काय काम? तुझ्या रानात टाकू चल."

तशाच त्या आमच्याबरोबर खालच्या रानात आल्या. एक पांढऱ्या लुगड्यात, एक दसऱ्याच्या हिरव्या. मीठ फुटलेल्या सरीत बसून दोघींनी ती माती हातानं पसरली. पाटीभर मातीनं रानातला खार जात नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी शेवटची चिमूट पडेपर्यंत कुणी उठलं नाही. पांढऱ्या लुगड्याला चिखल लागला, तो रंगुबाईंनी झटकलाही नाही.

काकूंनी डोळे पुसले. "पुढच्या साली दोन पाट्या दे."

"देते की," रंगुबाई म्हणाल्या. "पर मागायला अमावस्येपतुर थांबू नगं. मधीअधी बी येत जा."