दोन खोल्या आणि आप्पांचे मृत्युपत्र

मृत्यूचे स्मरण सतत मनाशी ठेवून जगणारी माणसे विरळा. केंदूरचे आमचे शेजारी आप्पा त्यांपैकी एक. त्या स्मरणाने त्यांना भूक चांगली लागत असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी शाळेत मास्तर, अक्षर बरे, म्हणून आप्पांचे मृत्युपत्र लिहायचे काम माझ्याकडे. ते संपत नसे, कारण आप्पा ते सारखे बदलत; आणि बदलले की ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवत.

"आप्पा, हे माणूस गेल्यावर वाचायचं असतं," मी एकदा म्हणालो.

"मेल्यावर वाचल्यालं मला काय ऐकू येणार हाय? तोंडं कशी व्हत्यात, ते बघायला नको?"

तोंडे पाहण्यासारखी होत, हे खरे. आदल्या दिवसापासून थोरला दिनकर त्यांचे पाय चेपी, धाकटा सुरेश शिरूरहून जिलबी आणी. ऐकायला निम्मी आळी जमे. "दिनकरनं मोटर दुरुस्त केली न्हाई, सबब विहिरीकडचा तुकडा सुरेशला," असे निघाले की दिनकरची बायको आत भांडी आपटी आणि आप्पा प्रसन्न होत.

या खेळात हसत नसत त्या फक्त कुसुमताई, आप्पांची मुलगी. यवतला दिलेल्या, नवरा वारल्यावर माहेरी परतलेल्या. आप्पांनी स्वतः बांधलेल्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचे शिलाई मशीन असे, आणि मृत्युपत्रात त्या खोल्या त्यांच्याच नावे होत्या. एका रविवारी मटणात मीठ जास्त पडले. संध्याकाळी खोल्या सुरेशला गेल्या.

सुरेश टेप घेऊन लगेच आत शिरला. "दुकानाचं शटर हितं बसंल," तो आप्पांनाच म्हणाला. आप्पांनी टेपचे दुसरे टोक धरले होते.

कुसुमताई मशीनवरून उठल्या नाहीत. "आप्पा, उद्या मीठ कमी पडलं तर मी कुठं जाऊ?"

आप्पांनी टोक सोडून दिले.

सोमवारी ते मला घेऊन शिरूरला वकिलाकडे गेले. "असं कायतरी करा, की मलाबी बदलता येऊ नये."

"मग मृत्युपत्र उपयोगाचं नाही," वकील म्हणाले. "ते मरेपर्यंत बदलता येतं. खोल्यांचा ट्रस्ट करा. आजच विश्वस्तांच्या नावे करायच्या, ताई हयातभर राहतील. परत घेण्याचा हक्क मात्र ठेवायचा नाही."

"म्हंजी मी रुसायचंच न्हाई?"

"रुसा की. खोल्या हलणार नाहीत."

आप्पा चेहरा पाडून बसले. "आन् जमीन?"

"ती राहू द्या मृत्युपत्रात."

आप्पांच्या तोंडावर पुन्हा तुकतुकी आली. "करा मग तुमचा ट्रस्ट."

विश्वस्त झालो मी आणि कुसुमताई. नोंदलेला दस्त आप्पांनी ओट्यावर असा वाचला, जणू राज्य दान दिले. या वेळी भांडी सुरेशच्या बायकोने आपटली. मग आप्पा रुबाबात आत जाऊन बाजेवर आडवे झाले, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आले, की आप्पांची बाज त्याच दोन खोल्यांतली.

विश्वस्तांची पहिली सभा तिथेच, उभ्याउभ्या झाली. बाज राहू द्यावी, तंबाखू बाहेर, असे ठरले.

"मास्तर, ह्याच्यावर अपील कुणाकडं करायचं?" आप्पांनी विचारले.

"कुणाकडं न्हाई," कुसुमताई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

पुढे काही वर्षांनी आप्पा त्याच बाजेवर गेले. तंबाखूची डबी ओट्यावर होती.