आपलंच सरकार, बोला!

प्रांत सरकारच्या मुख्य इमारतीत तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात एक खोली आहे. उभं राहिलं की डोकं तिरक्या छताला आपटतं, त्यामुळे तिथे बसूनच राहावं लागतं. आणि हॅलोबाई तिथे एकोणीस वर्षं बसून होती. कानाला हेडफोन, समोर चौसष्ट दिव्यांचा बोर्ड. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, कोण हवंय ते विचारायचं, लाइन जोडून द्यायची. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्या इमारतीला ती हॅलोबाई.

तसं पाहिलं तर तिने ‘हॅलो’ म्हणून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांपूर्वी वरून एक कागद आला: यापुढे प्रत्येक फोनला ‘आपलंच सरकार, बोला!’ असे उत्तर द्यावे, आवाज हसरा ठेवावा. सत्ताधारी पक्षाची घोषणाच होती ती. भिंतींवर, बसच्या पाठीवर आणि हॅलोबाईच्या तोंडात. दिवसाला तीनशे वेळा. पहिला महिना ती अडखळली. मग जीभ अशी काही वळली की घरीही सुटेना. नणंदेचे सासरे गेल्याचा फोन आला, तेव्हा हिने उचलला आणि म्हणाली, “आपलंच सरकार, बोला!” पलीकडचं रडणं गपकन थांबलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“आण तो फोन इकडे! तिकडे माणूस गेलाय आणि ही सरकार चालवतेय!”

इथवर हसण्यावारी गेलं. पण यंदा निवडणूक लागली आणि विरोधी पक्षनेत्याला हे वाक्य सापडलं. त्याला सगळे गडगडे म्हणत, कारण तो साधं ‘पाणी द्या’ म्हणाला तरी खिडकीची तावदानं थरथरायची. सभेत तो एका हाताने कानाला फोन लावल्यासारखं करायचा, दुसऱ्या हाताने नाक दाबायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, “आपलंच सरकाऽऽर, बोलाऽऽ!” मैदान लोटपोट. मग नाक सोडून गडगडाट: “सहा वर्षं फोन लावतोय, आपलं कुणी सापडेना! ही बाई तेवढी सापडते!”

नक्कल फोनाफोनांतून फिरली. भाजीवालीही “काय आपलंच सरकार, कोथिंबीर देऊ का?” म्हणायला लागली. हॅलोबाई हसायची आणि घरी आल्यावर कॅलेंडरवर दिवस मोजायची. एकोणीस वर्षं झाली तरी तिची नेमणूक हंगामीच होती. दरवर्षी एक कागद यायचा, ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असं लिहिलेला, आणि ती आणखी वर्षभर राहायची. यंदाचा कागद या महिनाअखेरीला यायचा होता. नवऱ्याचा छापखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. तेव्हापासून घर तिच्या आवाजावर चाललं होतं.

“तो निवडून आला तरी तुझ्या मागे कशाला लागेल?” नवरा म्हणाला. “त्याला प्रांत चालवायचाय.”

“चालवायच्या आधी झाडू मारतात,” सासूबाई म्हणाल्या. “आणि कोपऱ्यातला केर आधी काढतात. हिची खोली जिन्याखालीच ना?”

मतमोजणीच्या दिवशी नऊ वाजता दोन्ही पक्ष बरोबरीत होते. हॅलोबाईला बातम्या ऐकायची गरज नव्हती. डोक्यावरच्या जिन्यावरून तिला सगळं कळत होतं. एरवी पावलं वर धावायची. आज खाली येत होती, जड, पुठ्ठ्याची खोकी उचलून. तेवढ्यात मुख्य कारकून आत आले. त्यांच्या ओठांत सदानकदा टाचणी धरलेली, म्हणून त्यांचं नाव टाचणीसाहेब.

“बाई, ते वाक्य बंद. आत्ताच्या आत्ता!”

“लेखी द्या.”

“लेखी?” टाचणी ओठांत गरकन फिरली. “अहो, सही कोण करणार? सही करणारे घरी टीव्हीसमोर घाम पुसतायत!”

“मागे एकदा तोंडी सांगण्यावरून लाइन जोडली, तर मेमो मला मिळाला होता.”

“बरं बाई, घ्या.” त्यांनी एका चिठ्ठीवर ‘नमस्कार’ लिहिलं, खाली स्वतःचीच सही ठोकली आणि चिठ्ठी टाचणीने बोर्डाच्या कडेला टोचली. “नमस्काराला पक्ष नसतो. तेवढंच म्हणा. आणि आवाज हसरा नको. रडकाही नको.”

हॅलोबाई चिठ्ठीवर डोळे रोवून बसली. दिवा लागला, नमस्कार. दिवा लागला, नमस्कार. प्रत्येक वेळी ‘आ’ ओठांपर्यंत यायचा आणि ती तो गिळायची. अकराला सरकार नऊ जागांनी मागे पडलं, एकला बावीस. एका मंत्र्याचे मेहुणे रोज फोनवर “जोडा!” एवढंच भुंकायचे. आज म्हणाले, “ताई, सवडीने जमलं तर जोडता का जरा?” हॅलोबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. मेहुणे ताई म्हणाले म्हणजे सरकार गेलंच.

अडीचला एक नंबरचा दिवा लागला. ती मुख्यमंत्र्यांच्या घरची थेट लाइन. या दिव्याला तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. आजही झाली, आणि पाठीबरोबर जीभही.

“आपलंच सरकार, बोला!”

हॅलोबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग तो आवाज आला. सहा वर्षं कायम घाईत असलेला, आज कसलीही घाई नसलेला.

“आता नाही हो, बाई.”

“साहेब, चुकून... जिभेला सवय...”

“असू दे. मीच लावली ना ती सवय?”

“हो साहेब. लेखी.”

ते हसले की खोकले, तिला कळलं नाही. “छान म्हणायचात. माझ्या सचिवाला द्या. राजीनामा टाइप करायचाय.”

तिने लाइन जोडली. एक नंबरचा दिवा विझेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

साडेतीनला बाहेरच्या लाइनचा दिवा लागला. बटण दाबलं तर कानात आधी शिट्ट्या घुसल्या, आरडाओरडा घुसला. या वेळी तिने चिठ्ठीकडे पाहून, तोलून मापून म्हटलं, “नमस्कार.”

“अं?” हेडफोन गडगडला. “कोण बोलतंय?”

“मुख्य इमारत. ऑपरेटर.”

“ती बाई कुठंय? आमच्या सभांतली?”

“मीच ती, साहेब.”

“अरे वा! मग ते म्हणा की! स्पीकर लावलाय, चारशे माणसं कान देऊन उभी आहेत. आता खरंच आपलं सरकार आलंय. होऊ द्या!”

“होऊ द्याऽऽ!” चारशे माणसं ओरडली.

दारात टाचणीसाहेब दोन्ही हात जोडून, मान डोलावून विनवत होते: म्हणा, म्हणा, म्हणून टाका. हॅलोबाईने तोंड उघडलं. सकाळपासून शंभरदा गिळलेलं वाक्य, पण आता नेमकं घशातच बसलं. समोर एक नंबरचा दिवा विझलेला होता. महिनाअखेर डोळ्यांसमोर आली, छापखान्याचं कुलूप आलं, सासूबाईंचा झाडू आला. वाक्य मात्र आलं नाही. आलं ते भलतंच.

“साहेब, ते वाक्य लेखी आदेशाने सुरू झालं होतं, आज लेखीच बंद झालंय. तुमचा लेखी आदेश आला की म्हणेन. सध्या कोणाला जोडू?”

चारशे माणसं चिडीचूप. टाचणीसाहेबांच्या ओठांतली नवी टाचणी खाली पडली, तिचा टिण्णसा आवाजही ऐकू आला.

“मुख्य सचिवांना,” आवाज म्हणाला. त्यात गडगडाट अजिबात नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

“म्हटलं असतंस तर काय जीभ झिजली असती?” घरी सासूबाईंनी विचारलं.

“झिजलीच आहे,” ती म्हणाली आणि भाजी चिरत बसली.

नव्या सरकारचा शपथविधी पाचव्या दिवशी होता. तोवर हॅलोबाईने आपला कप, शाल आणि खुर्चीवरची उशी हळूहळू पिशवीतून घरी नेली, म्हणजे शेवटच्या दिवशी लाजिरवाणं ओझं नको. तिच्या जागी यंत्र बसणार, ‘अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा’, असं जिन्यावरची पावलं बोलत होती. उशीशिवाय तिची कंबर धरली.

सहाव्या दिवशी टाचणीसाहेब लिफाफा घेऊन आले. चक्क रिकाम्या ओठांनी. लिफाफा ठेवून पाठ फिरवून उभे राहिले. हॅलोबाईने तो कडेने नीट फाडला.

‘सध्याच्या ऑपरेटरने यापुढे फोनला फक्त “बोला” असे उत्तर द्यावे. पुढील आदेश होईपर्यंत.’ खाली नव्या मुख्यमंत्र्यांची सही, आणि सहीखाली शाईने मोठाल्या अक्षरांत: ‘लेखी मागितलंत. दिलं.’

‘सध्याच्या ऑपरेटरने’ हे तिने तीनदा वाचलं. मग घरी फोन लावला आणि सासूबाईंना सगळा कागद वाचून दाखवला.

“म्हणजे राहिलीस की गेलीस? नीट सांग.”

“पुढील आदेश होईपर्यंत राहिले.”

“मग नेहमीचंच की,” सासूबाई म्हणाल्या. “उशी पाठवून देते.”

दिवा लुकलुकला. हॅलोबाईने घाईने बटण दाबलं, श्वास घेतला.

“आप...” तिने जीभ चावली. “...बोला!”

“आपबोला?” पलीकडे कुणी आजीबाई होत्या. “अगं बाई, हे कुठे लागलं! राँग नंबर, राँग नंबर,” म्हणत त्यांनी फोन ठेवून दिला.